चीनमधील भाषावर्गांचे शुल्क वाढते आहे. मुलीला यंदाच पाठवावे की थांबावे?

विश्रामबागकर, सांगली

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेली अडीच वर्षे ती ऑनलाइन वर्गातून चिनी भाषा शिकते आहे आणि गेल्या डिसेंबरात एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी तिने ३०० पैकी २४१ गुण मिळवून पार केली. पदवी हातात पडली की एक वर्ष चीनमध्ये राहून भाषा पक्की करायची, असे तिच्या मनात आहे. आमच्या घरात यापूर्वी कोणी परदेशात शिकलेले नाही. मी स्वतः एका पतसंस्थेत नोकरीला असल्यामुळे आकडे वाचता येतात, पण या आकड्यांमागची कारणे मात्र उमगत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दक्षिण चीनमधील एका विद्यापीठाच्या भाषा केंद्राचे माहितीपत्रक मिळवले होते. तेव्हा वर्षाचे शुल्क १८,००० युआन होते आणि युआनचा भाव साधारण ११ रुपये ६० पैसे होता, म्हणजे दोन लाख नऊ हजारांच्या आत काम होत होते. यंदाच्या माहितीपत्रकात तेच शुल्क २१,००० युआन झाले आहे. भाव साडेबारा रुपये धरला तर ही रक्कम २ लाख ६२ हजार ५०० होते, आणि त्यात वसतिगृह, जेवण, विमा, विमानभाडे यांपैकी काहीच धरलेले नाही. पुण्यातील ज्या सल्लागाराकडे आम्ही चौकशी केली, त्याचे म्हणणे असे की पुढच्या वर्षी शुल्क याहून वाढणार आहे, तेव्हा आत्ताच २५,००० रुपये भरून जागा धरून ठेवावी. पुढे जाणे रद्द झाले तर ते पैसे परत मिळतील का, असे विचारल्यावर त्याने व्हिसाचा विषय काढला.

माझी विचारणा अशी आहे की, ही शुल्कवाढ सगळीकडचीच आहे की आम्ही पाहिलेल्या विद्यापीठापुरती आहे? दरवर्षी अशीच वाढ होणार असेल तर घाई करण्यात शहाणपण आहे का? आणि केवळ भाषेच्या एका वर्षासाठी एवढा खर्च करावा का, हेही अनुभवी मंडळींनी मोकळेपणाने सांगावे.

कोयनाकाठ, कराड

काका, मी सप्टेंबर २०१८ ते जून २०१९ या काळात कुनमिंगला भाषावर्गात होतो, म्हणून माझा हिशोब आपल्यापुढे ठेवतो. माझे वर्षाचे शुल्क १५,००० युआन होते आणि त्या वेळी युआन साडेदहा रुपयांना पडत असे, म्हणजे १ लाख ५७ हजार ५०० रुपये झाले. आज त्या विद्यापीठाने एक युआनही न वाढवता तेच शुल्क ठेवले असते, तरी आपल्या साडेबाराच्या भावाने १ लाख ८७ हजार ५०० रुपये मोजावे लागले असते. तीस हजारांची ही वाढ चीनमधील कोणत्याही शाळेने केलेली नाही, ती आपल्या रुपयाच्या घसरणीमुळे झाली आहे.

आपल्या आकड्यांनाही हीच फोड लावून पाहावी. एकूण वाढ ५३,७०० रुपयांची आहे. त्यातील ३,००० युआनची, म्हणजे ३७,५०० रुपयांची वाढ विद्यापीठाने केली आणि उरलेले १६,२०० रुपये केवळ भावफरकाचे आहेत. ही फोड महत्त्वाची अशासाठी की विद्यापीठ बदलून पहिला भाग कमी करता येतो, दुसरा भाग मात्र कुठेही गेलात तरी चुकत नाही.

विद्यापीठ बदलण्याविषयी सांगायचे तर बीजिंग आणि शांघायच्या नावाजलेल्या विद्यापीठांत भाषावर्गाचे शुल्क २० हजार युआनच्या पुढेच असते, तर युन्नान, ग्वांगशी किंवा ईशान्येकडील प्रांतांत ते बरेच उतरते. ईशान्येकडील हार्बिन, चांगचुन या शहरांतील उच्चार प्रमाण चिनीच्या जवळचे मानले जातात, म्हणून अनेक परदेशी विद्यार्थी मुद्दाम तिकडे जातात. मात्र हार्बिनच्या जानेवारीत पारा उणे वीसच्या खाली जातो आणि सांगलीच्या मुलीला तो हिवाळा सोसेल का, हे तिलाच विचारलेले बरे. कुनमिंगची हवा वर्षभर महाबळेश्वरासारखी असते (पाऊस सोडून), पण तिथल्या बाजारात भाजीवालीचे बोलणे कळायला मला दोन महिने लागले, कारण वर्गात शिकवतात ती प्रमाण भाषा आणि ती बोलत होती ती युन्नानची बोली.

शुल्काव्यतिरिक्त जे किरकोळ म्हणून सांगितले जाते ते एकत्र केले की किरकोळ राहत नाही. विमा वर्षाला ८०० युआन, वर्षभराचा निवास परवाना ४०० युआन, शिवाय अर्जाचे शुल्क, पुस्तके आणि वैद्यकीय तपासणी. या तपासणीत मी स्वतःच्या निष्काळजीपणाने फसलो. इथून केलेल्या तपासणीच्या अर्जावर फोटोवर येईल असा रुग्णालयाचा शिक्का लागतो. माझ्या अर्जावर तो फोटोच्या शेजारी होता, म्हणून तिथे पोहोचल्यावर रक्त, छाती, हृदय अशी सगळी तपासणी पुन्हा पैसे भरून करावी लागली.

सल्लागाराविषयी एवढेच सांगतो की भाषावर्गाचे अर्ज बहुतेक विद्यापीठे आपल्या संकेतस्थळावर थेट घेतात आणि मीही तसाच भरला होता. पैसे पाठवायचे तर ते विद्यापीठाच्या नावाच्या खात्यातच पाठवावेत. आपण पतसंस्थेत आहात, त्यामुळे पावतीविना पंचवीस हजार का देऊ नयेत, हे मी आपल्याला सांगणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास घेण्यासारखे होईल.

अजिंक्यतारा, सातारा

चीनच का, असा प्रश्न पडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळांतून शिकवायच्या परकीय भाषांच्या यादीत कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन वगैरे भाषा आहेत. मसुद्यात असलेली चिनी मात्र अंतिम यादीतून गळाली. शिवाय त्याच वर्षी मार्चअखेरीस चीनने परदेशी विद्यार्थ्यांना दारे बंद केली ती आपल्या मुलांसाठी ऑगस्ट २०२२ पर्यंत उघडली नाहीत. वर्षाचे शुल्क भरून मुलगी घरी बसली तर काय करणार?

चिनीच शिकायची असेल तर तैवानचा विचार करावा. तैवान नॉर्मल विद्यापीठाचे मँडरिन प्रशिक्षण केंद्र १९५६ पासून परदेशी विद्यार्थ्यांना शिकवत आहे. तिथे वर्षाऐवजी तीन महिन्यांच्या सत्राने शुल्क भरता येते, आणि तैवान सरकारची हुआयू शिष्यवृत्ती दोन महिन्यांपासून वर्षभरापर्यंतच्या मुदतीची असते. मुंबईत २०२४ पासून त्यांचे कार्यालयही सुरू झाले आहे.

कुपवाडचा यंत्रवाला

मी शिक्षक नाही, विद्यार्थीही नाही. ज्याच्याकडे अशी शिकलेली मुले शेवटी काम मागायला येतात, त्या बाजूने लिहितो.

तासगाव आणि सांगली भागात बेदाणा निवडण्यासाठी रंग ओळखून दाणे वेगळे करणारी जी यंत्रे बसवली आहेत, त्यांपैकी काहींची देखभाल मी करतो. अशी यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांचे मोठे केंद्र म्हणजे आन्ह्वेइ प्रांतातील हफेइ हे शहर. पडद्यावरील सूचना इंग्रजीत असतात असे विकणारा सांगतो आणि त्या असतातही. पण ऐन हंगामात यंत्र बंद पडले की खोलवरच्या पानावर जी चूक उमटते ती चिनी अक्षरांतच असते. मोबाइलने फोटो काढून भाषांतर केले तर "हवेचे तोंड थकले आहे" असले काहीतरी हाती येते. ते तोंड म्हणजे खराब दाणा फुंकून बाजूला पाडणारी हवेची झडप आहे आणि ती बदलायची आहे, हे समजायला यंत्र आणि भाषा दोन्ही ठाऊक असलेला माणूस लागतो. त्यात २०२० च्या जूनमध्ये वीचॅटवर बंदी आल्यापासून कारखान्यातील कारागिराशी थेट बोलण्याची सोय गेली. आता विक्री विभागाला ईमेल करायचा आणि उत्तराची वाट पाहायची.

याचा अर्थ भाषेला मोल आहे, पण नुसत्या भाषेला नाही. चौथ्या पातळीचे प्रमाणपत्र घेऊन आलेल्या एका मुलाला मी दरपत्रक वाचायला दिले तेव्हा त्याला चहा, हवामान, कुटुंब यांवर बोलता येत होते, पण "हमी कालावधी" आणि "सुटे भाग" हे शब्द त्याने कधी ऐकलेच नव्हते. आपली मुलगी वाणिज्य शाखेची आहे, ही जमेची बाजू समजा. आयातीची कागदपत्रे, बँकेचे हमीपत्र, जहाजाची पावती, जकातीची वर्गवारी हे तिने आधी इथे कुठेतरी सहा महिने हाताळले आणि मग चीनला गेली, तर तिथल्या वर्गात कोणते शब्द मागून घ्यायचे हे तिला कळेल. ग्वांगचौचा कँटन मेळा वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरात भरतो आणि तिथे आम्ही दिवसाच्या बोलीवर दुभाषे घेतो; अशा मेळ्यात चार दिवस उभे राहिलेली मुलगी माझ्या दृष्टीने वर्षभर बाकावर बसलेल्या मुलीपेक्षा उजवी. फक्त विद्यार्थी व्हिसावर परवानगीविना पैसे घेऊन काम करता येत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

शुल्क वाढले म्हणून घाई करू नये आणि शुल्क वाढले म्हणून बेत सोडूही नये, असे मला वाटते. अजिंक्यतारा यांचे तैवानचे म्हणणे चुकीचे नाही. पण तिथे जुनी, अधिक रेघांची अक्षरे चालतात आणि माझ्याकडे येणारा प्रत्येक कागद चीनमधील सोप्या केलेल्या अक्षरांत असतो. मुलीला पुढे कोणासाठी काम करायचे आहे, यावर ते ठरेल.

चिनीची मास्तरीण, पुणे (मूळ गाव वाई)

चर्चा चांगली चालली आहे. शुल्कवाढीच्या कारणांबाबत थोडे सविस्तर लिहिते, कारण माझे विद्यार्थीही दर जानेवारीत हाच प्रश्न घेऊन येतात.

चीनमध्ये स्वखर्चाने शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी सरकारने १९९८ मध्ये शुल्काची चौकट ठरवून दिली होती. मानव्यविद्येचा पदवी अभ्यासक्रम आणि भाषावर्ग यांसाठी ती वर्षाला १४,००० ते २६,००० युआन अशी होती, तर अर्जाचे शुल्क ४०० ते ८०० युआन होते. आज माहितीपत्रके उघडून पाहिली तर कितीतरी विद्यापीठांचे भाषावर्ग अजूनही याच चौकटीत बसतात. विश्रामबागकर साहेब, आपल्याला महाग वाटलेले २१,००० युआनसुद्धा पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वीच्या चौकटीच्या आतच आहेत. दरम्यानच्या काळात चीनमधील पगार आणि घरभाडी किती पटींनी वाढली ते वेगळे सांगायला नको. म्हणजे शुल्क दरवर्षी भडकत गेले असे झालेले नाही; ते वर्षानुवर्षे एका जागी थांबले आणि आता काही ठिकाणी एकदम उडी घेते आहे. २०२३ मध्ये सिचुआन, शांघाय अशा ठिकाणी देशी विद्यार्थ्यांचेही शुल्क वाढले, तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांनाच लक्ष्य केले जाते आहे असे समजण्याचे कारण नाही. अर्थात देशी विद्यार्थी सरकारी विद्यापीठात पदवीसाठी वर्षाला पाच-सहा हजार युआनच्या आसपास भरतो आणि आपण त्याच्या तिप्पट-चौपट भरतो, हे खरे आहे. त्यांच्यामागे सरकारी अनुदान असते, आपल्यामागे नसते.

दुसरे कारण वर्गाच्या आकाराचे आहे. २०१८ मध्ये चीनमध्ये ४ लाख ९२ हजारांवर परदेशी विद्यार्थी होते. भाषा केंद्रांनी आपले शिक्षक आणि इमारती त्या गर्दीच्या अंदाजाने वाढवल्या आणि नंतर महामारीची तीन वर्षे वर्ग पडद्यावर गेले. वीस विद्यार्थ्यांचा वर्ग बारांवर आला तरी शिक्षिका एकच लागते आणि तिचा पगारही तोच असतो. एखाद्या केंद्राने शुल्क का वाढवले हे बाहेरून सांगणे कठीण असले, तरी हा साधा हिशोब कोणत्याही शिकवणीवर्ग चालवणाऱ्याला समजेल. मलाही समजतो.

आता मुख्य मुद्दा. भाषावर्गात आठवड्याला साधारण २० तास शिकवतात आणि सत्र सतरा-अठरा आठवड्यांचे असते. दोन सत्रांचे ६८० तास धरले तर आपल्या २१,००० युआनच्या शुल्कात एका तासाला सुमारे ३१ युआन, म्हणजे ३८५ रुपयांच्या आसपास पडतात. मी एकेकटीला शिकवण्याचे तासाला ५०० रुपये घेते. तेव्हा चीनमधील शिकवणे महाग नाही, पण ते कोणत्या पातळीवर विकत घ्यायचे, हा प्रश्न उरतो. एचएसकेच्या जुन्या रचनेत तिसऱ्या पातळीला ६०० शब्द लागतात, चौथीला १,२०० आणि पाचवीला २,५००. आपली मुलगी आत्ता गेली तर पहिले सत्र चौथी पातळी गाठण्यातच जाईल आणि ते काम सांगलीत बसून सहा-सात महिन्यांत होण्यासारखे आहे. चौथी पातळी पदरात घेऊन ती गेली तर पहिल्या दिवसापासून दुकानात, बँकेत, रेल्वेच्या खिडकीवर तिचे बोलणे चालेल, आणि ते बोलणेच तर इथे बसून मिळत नाही. माझ्या अनुभवात तिसऱ्या पातळीवर गेलेली मुले पहिले चार महिने आपल्या देशातील मुलांच्याच घोळक्यात काढतात, कारण बाहेरचे बोलणे त्यांना पेलवत नाही.

त्यामुळे वर्षभराऐवजी एकच सत्र घेण्याचाही विचार करावा. शुल्क निम्मे, विमा ८०० ऐवजी ४०० युआन, आणि मुक्काम १८० दिवसांच्या आत असल्याने एक्स-२ व्हिसा पुरतो, निवास परवाना काढावा लागत नाही. वर्षभरासाठी एक्स-१ व्हिसा लागतो आणि पोहोचल्यापासून ३० दिवसांत परवान्याचा अर्ज करावा लागतो. थांबलेली थेट विमानसेवाही ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झाली आहे, त्यामुळे हाँगकाँग किंवा बँकॉकचा वळसा आता प्रत्येकाला घ्यावा लागत नाही.

आणि शिष्यवृत्तीचे कोणीच कसे लिहिले नाही? पूर्वी कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूटची म्हणून ओळखली जाणारी, आता आंतरराष्ट्रीय चिनी भाषा शिक्षक शिष्यवृत्ती म्हणवली जाणारी योजना वर्षभराच्या भाषाभ्यासासाठीही मिळते. तिच्यात शुल्क, वसतिगृह, विमा आणि महिना २,५०० युआन विद्यावेतन येते. भाषाभ्यासाच्या गटासाठी तिसऱ्या पातळीला किमान २१० गुण मागितले जातात आणि आपल्या मुलीचे २४१ आहेत. शिफारस करणारी मान्यताप्राप्त संस्था लागते, बहुधा परीक्षा केंद्रच ते काम करते. तोंडी परीक्षा, म्हणजे एचएसकेके, दिलेली असेल तर पारडे जड होते. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या त्या वर्षाचे परिपत्रक वाचूनच अर्ज करावा. प्रवेशासाठी एचएसकेचे गुण दोन वर्षेच ग्राह्य धरतात, हेही विसरू नये. ज्या सल्लागाराने २५,००० रुपये मागितले त्याने यातील एक शब्दही काढला नाही, यावरून त्याचे उत्पन्न कशावर चालते याचा अंदाज येतो.

विश्रामबागकर, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. पंचवीस हजार भरणार नाही, एवढे आजच ठरले. अजिंक्यतारा यांची भीती माझ्याही मनात आहे, आणि एकच सत्र घेतले तर निदान तेवढेच शुल्क अडकेल, ही मास्तरीणबाईंच्या सूचनेतील गोष्ट मला सर्वांत पटली. बाकी सगळा धागा मी मुलीला वाचायला दिला आहे. पुढचे तिनेच लिहावे.

सांगलीची विद्यार्थिनी

सर्वांना नमस्कार. वर ज्यांच्याविषयी चर्चा चालली आहे ती मीच. बाबांनी प्रश्न शुल्काचा विचारला, पण खरे म्हणजे मला घाई एवढ्यासाठी होती की माझ्याबरोबर शिकणाऱ्या दोघी सप्टेंबरमध्ये जात आहेत. हे कारण फारसे चांगले नाही, हे तासांचा हिशोब वाचून माझ्याही लक्षात आले.

मी चौथ्या पातळीची आणि तोंडी परीक्षेची तयारी सुरू करते आणि शिष्यवृत्तीचा अर्ज पुढच्या फेरीत भरते. ती मिळाली नाही तर एका सत्रासाठी जाईन. कुपवाडच्या काकांना विनंती आहे की त्यांच्याकडील जुनी दरपत्रके आणि यंत्रांच्या पुस्तिका मला वाचायला मिळाल्या तर उपकार होतील. मी त्यांतील शब्दांची यादी करून त्यांना परत देईन, म्हणजे पुढच्या हंगामात "थकलेल्या तोंडाचा" अर्थ शोधावा लागणार नाही.

कराडच्या दादांना एक विचारायचे आहे. मी मांसाहार करत नाही. वसतिगृहाच्या खोलीत स्वयंपाक करू देतात का?

कुपवाडचा यंत्रवाला

जरूर ये. पुस्तिका तीन खोकी भरून आहेत, तेलकट आहेत, आणि एकीला उंदराने कुरतडले आहे. शनिवारी दुपारी वर्कशॉप उघडे असते.

कोयनाकाठ, कराड

खोलीत शेगडी किंवा कुकर सापडला तर जप्त करतात. माझ्या शेजाऱ्याचा झाला होता. मात्र परदेशी विद्यार्थ्यांच्या इमारतीत आमच्याकडे दर मजल्यावर सामाईक स्वयंपाकघर होते, तेव्हा वसतिगृह ठरवताना तेवढे आधी लिहून विचारून घे. कुनमिंगला भाज्या भरपूर आणि ताज्या मिळतात, पण खानावळीत भाजी मागवलीस तरी तिच्यात खिमा पडलेला असू शकतो, म्हणून "मी मांस खात नाही" एवढ्यावर न थांबता "खिमाही नको, मांसाचा रस्साही नको" असे म्हणायला शीक. सामाईक स्वयंपाकघरात वापरायला भात शिजवायचा विजेचा कुकर तिथेच स्वस्तात मिळतो, इथून ओझे नेऊ नकोस.